तेलाचा शेवटचा हात

ठळकवाडी, बेळगाव
४ एप्रिल १९३८

ती. अण्णा,

सरूचा नमस्कार. अक्षर ओळखलंत ना? अकरा वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही आणि तुम्ही मला नाही. पाकीट बघून छातीत धस्स झालं असेल, म्हणून आधीच सांगते. कोणी आजारी नाही, कोणी गेलेलं नाही, आणि मी परत खानापूरला यायचं म्हणत नाही. मला लाकूड हवं आहे.

मी घर बांधलं. हसू नका. मुलींच्या शाळेतल्या एका विधवा मास्तरणीनं घर बांधलं म्हणून इथे हसणारे पुष्कळ आहेत, त्यात तुमची भर नको. खाली शहाबादी फरशी आहे. वर एक लांब दिवाणखाना आणि त्याच्या टोकाला एक लहान खोली, पुस्तकांची. ही वरची जमीन मला लाकडाची करायची आहे. आपल्याकडे माडीवर फळ्या ठोकून वर माती अंथरतात आणि सारवतात, तशी नव्हे. उघडी, गुळगुळीत, तेल प्यायलेली, अनवाणी चालावं अशी. कॅम्पात एका मडमेच्या बंगल्यात मी ती पाहिली. चपला दाराशी काढल्या, चार पावलं चालले, आणि तेव्हाच ठरवलं की आपल्याला हीच हवी.

माझ्याकडे मालुबाई म्हणून कामाला आहे. तिला सांगितलं तर ती म्हणाली, "मग बाई, सारवायचं कुठं वं?" म्हटलं, सारवायचंच नाही. तेव्हापासून ती माझ्याकडे सुतकातल्या माणसाकडे बघावं तशी बघते.

आता लाकूड कुठलं? वडगावचा परशराम मेस्त्री म्हणतो, मत्ती घ्या आक्का, हत्ती नाचला तरी मोडणार न्हाय. माझ्या घरी हत्ती येत नाही. मत्ती तडकते, एवढं मी तुमच्या वखारीत खेळताना ऐकलं आहे. शिसवी काळी, खोलीत दिवसा अंधार करील. मला साग हवा, मुरलेला, सावलीत वाळलेला. इथले वखारवाले फळीवर थाप मारून सांगतात, "पक्की आहे बाई." मीही थाप मारून बघते, आणि तो ओला, बसका आवाज ऐकून परत येते. थापेचा आवाज ओळखायला तुम्हीच शिकवलंत.

तुम्ही माझ्याशी कसे वागलात ते मी विसरले नाही. हे गेल्यावर तुम्ही म्हणालात, मागची खोली तुझी, दोन वेळचं जेवण मिळेल, देवाचं कर आणि राहा. मी नाही म्हटलं, तर दारात उभे राहून म्हणालात, गेलीस तर हा उंबरा तुला बंद. मी गेले. उंबरा बंद राहिला. वहिनी गेल्याचंसुद्धा मला बाजारात कळलं. पण लाकडाच्या बाबतीत तुम्ही आयुष्यात खोटं बोललेला नाहीत. साहेबानं पसंत केलेली लाकडाची गाडी, तीत दोन फळ्या कच्च्या आहेत म्हणून तुम्ही कॅम्पाच्या नाक्यावरून परत फिरवलीत, ती गोष्ट इथे अजून सांगतात. मी भावाला लिहीत नाही असं समजा. चिंतामणी वखारवाल्याला लिहिते आहे.

तुमची नीला किती मोठी झाली? सातवीची व्हर्नाक्युलर फायनल पास झाली असं ऐकलं. तिला माझा आशीर्वाद सांगा, सांगावासा वाटला तर.

सरोजिनी

ठळकवाडी
६ मे १९३८

ती. अण्णा,

लाकूड पोचलं. तुमच्या भावकू गाडीवानानं गाडी दारात सोडली आणि तुमची चिठ्ठी हातात दिली. तीत फळ्यांची लांबी-रुंदी, लोखंडी खिळा वापरू नये, लाकडी खुंट्या माराव्यात, चुन्याच्या भिंतीपासून बोटभर जागा सोडावी, एवढं सगळं होतं. बहीण जिवंत आहे की कसं, याची विचारपूस नव्हती. तरीही मी ती चिठ्ठी दोनदा वाचली, आणि मग फळीला नाक लावून उभी राहिले. आपल्या वखारीचा वास आहे तो.

काम झोकात चाललं आहे. परशरामचा आणि माझा रोज वाद होतो. त्याला खुंट्यांचा कंटाळा. "खिळा ठोकला की इषय संपला, आक्का." मी म्हटलं, अण्णांनी लिहिलंय. तुमचं नाव घेतलं की तो गप्प होतो, पण रंधा मारताना पुटपुटत राहतो. तो काही फार मोठा कारागीर नाही. दोन फळ्यांमध्ये त्यानं अशी फट ठेवली की मालुबाईचा एक पैसा त्यात गेला. ती फळी मी उचलायला लावली.

रंधा मारल्यावर फळी कशी दिसते हे तुम्हाला काय सांगायचं? मी शाळेतून येते, पातळ न बदलता तशीच वर जाते आणि जमिनीवर बसते. ह्या वयात माझं असं काही झालं, आणि ते मला इतकं आवडलं, याची मला थोडी लाजसुद्धा वाटते.

उकळलेल्या जवसाच्या तेलाचा डबा तुम्ही न मागता पाठवलात. आधीचा हात पुरता वाळल्याशिवाय दुसरा देऊ नये, असं त्याच्यावर लिहिलंत. आठवतं का, लहानपणी तुम्ही डोळ्यांवर फडकं बांधून बसायचात आणि मी वाट्या पुढे करायची? जवस, करडई, एरंडेल, शेंगदाणा. तुमचं नाक कधी चुकलं नाही. मी एकदा दोन तेलं एकत्र केली, तर तुम्ही दोन्हींची नावं सांगितलीत आणि माझा कान पिरगाळलात.

हे पत्र इथे गोडीत संपवता आलं असतं. पण काल तुमची दुसरी चिठ्ठी आली. नीलाचं लग्न ठरलं, निपाणीचे केशवराव, तंबाखूची वखार, आषाढी एकादशीआधीचा शेवटचा मुहूर्त, यायचं असेल तर यावं.

अण्णा, केशवरावांची पहिली बायको जिवंत आहे. मूल झालं नाही म्हणून तिला संकेश्वरला माहेरी नेऊन सोडली आहे. हे सगळ्या निपाणीला माहीत आहे आणि तुम्हालाही आहे. तुम्ही म्हणाल, कायद्यानं चालतं. चालतं. तुम्ही म्हणाल, शब्द दिला. पण तो शब्द तुमचा होता, आणि जायचं आहे नीलाला. तिला धारवाडच्या ट्रेनिंग कॉलेजात घाला. दोन वर्षांत ती शिक्षिका होईल, तिचा खर्च मी करीन.

मी लग्नाला येणार नाही. उंबरा बंद आहे ना.

सरोजिनी

ठळकवाडी
१४ जून १९३८

ती. अण्णा,

तुमची तार मिळाली. नीला इथे आलेली नाही.

तुम्ही काळजीत असाल हे मला कळतं. मीही आहे. ती शहाणी मुलगी आहे, कुठे नीट ठिकाणीच असेल. विहिरी बघत फिरू नका.

काल केशवरावांची दोन माणसं येऊन गेली. त्यांनी स्वयंपाकघर पाहिलं, परसू पाहिलं, देवघरात डोकावले. मी पाहू दिलं. माडीवर जायचं म्हणाले तेव्हा मात्र जिन्यात आडवी उभी राहिले, कारण तेलाचा तिसरा हात परवाच दिला आहे आणि तो ओला आहे. परशरामला सुट्टी दिली होती, हा हात मी स्वतः दिला. लहान खोलीच्या दारापासून सुरुवात केली आणि फडक्यानं पुसत, गुडघ्यांवर मागे मागे सरकत जिन्यापर्यंत आले. त्यांना शेवटच्या पायरीवरून बघू दिलं. सगळी जमीन आरशासारखी चकचकत होती. त्यावर एक पाऊल नाही, बोट नाही. पलीकडच्या खोलीत जायचं तर ह्या जमिनीवरूनच जावं लागतं, दुसरी वाट नाही. त्यांना ते पटलं. तुम्हालाही पटायला हरकत नाही.

दोघांपैकी एक म्हणाला, "तेल वाळल्यावर येतो, बाई." तेव्हापासून ते समोरच्या पानाच्या दुकानाशी बसून आहेत.

हवा दमट आहे. दोरीवरची लुगडी वाळत नाहीत, तर तेल कुठून वाळणार? वेळ लागेल. मुहूर्ताच्या गडबडीत तुम्ही इकडे येण्याचे श्रम घेऊ नका. काही कळलं तर मीच लिहीन.

मालुबाई हल्ली भाकऱ्या जास्त थापते. एकट्या बाईला एवढ्या कशाला, म्हणून मी तिला रागावले. ती म्हणाली, "सवय लागली न्हवं बाई, मेस्त्री लोकांची." परशराम तर जेवायला घरी जातो. पण असो. मी काय लिहीत होते? तेलाचं. वाळायला वेळ लागेल.

सरोजिनी

ठळकवाडी
२७ जून १९३८

अण्णा,

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. पण खोटं बोलून बोलून तोंड कडू झालं आहे, आणि ज्याच्याशी खोटं बोलले त्यालाच खरं लिहावंसं वाटतं.

नीला माझ्याकडे आहे. वर, लहान खोलीत. खानापूरहून सकाळच्या गाडीनं एकटी आली. हातात पिशवी, तीत दोन पातळं आणि शाळेची पुस्तकं. मी दार उघडलं तर म्हणाली, "आत्या, मी तुम्हाला ओळखते. आमच्या घरी तुमचं नाव काढत नाहीत, म्हणून मला पाठ आहे." मी तिला आत ओढली. रडणारी मी नव्हे, पण त्या दिवशी रडले.

तिनं मला सगळं सांगितलं. वैशाखात तुम्ही तिला संकेश्वरला देवदर्शनाला नेलंत. तिथे एक बाई जवळ आली, तिला कुंकू लावलं आणि विचारलं, "निपाणीला देणार ती तूच ना?" मग हळूच म्हणाली, "तुला खोली देतील ना, तेव्हा खिडकीची मागून घे. माझ्या खोलीला नव्हती." एवढंच बोलून ती गर्दीत गेली. अण्णा, तुम्ही तेव्हा नारळ फोडायला पुढे गेला होतात.

ती आली त्याच दुपारी मी तिला लहान खोलीत बसवली, आणि दिवाणखान्यात तिसरा हात देऊन टाकला. त्या खोलीत मोरी आहे. मागच्या खिडकीतून मालुबाई दोरीला टोपली बांधून भाकरी-पाणी वर पोचवते. आत चूल नाही, माणसाचा शब्द नाही. पोर कवितांची पुस्तकं वाचते. एवढ्या तेवढ्या आवाजाला मी खाली दचकते.

आज तुमचं पत्र आलं. दोनच ओळी. "उकळलेलं जवस दमट हवेतही इतके दिवस ओलं राहत नाही. परवा केशवरावांना घेऊन येतो, जमीन बघायची आहे."

तुम्हाला फसवायला गेले, तेही तेलावरून! आपली अक्कल कुठे चरायला गेली होती कोण जाणे. तेल केव्हाच वाळलं. जमीन इतकी सुरेख झाली आहे की उन्हाची तिरीप आली की सागाची रेघ न् रेघ मोजावी. तुम्ही याल, चपला काढाल, सरळ चालत जाल आणि दार उघडाल.

तिला दुसरीकडे हलवता येत नाही, दुकानाशी ते दोघे आहेत. जवसाचा आणखी एक हात द्यावा, तर तुमचा डबा पुसून रिकामा झाला आहे. बाजारातून मालुबाई जवस घेऊन आली की ते दोघे बघणारच. आणि दिलाच, तरी दोन-चार दिवसांत पुन्हा वाळेल. मुहूर्त टळेपर्यंत हे लोक किती वेळा येतील, सांगता येतं का?

स्वयंपाकघरात शेंगदाण्याच्या तेलाचा भरलेला डबा आहे. खायचा. शेंगदाण्याचं तेल वाळत नाही. कधीच वाळत नाही, हे मला तुम्हीच शिकवलंत.

मी डबा घेऊन वर निघाले तर मालुबाई जिन्यात बसली. "न्हाय बाई. मी न्हाय जाऊ देणार. सोन्यासारखी जमीन केलायसा, रोज हात फिरवून बघतायसा. लई वंगाळ हुईल." मी म्हटलं, "मग पोरीला खाली आणू? त्या दोघांच्या स्वाधीन करू?" ती उठली. पदर डोळ्यांना लावला आणि फडकं आणून दिलं.

मागच्यासारखीच दारापासून सुरुवात केली. आधीचे हात फळीनं पिऊन टाकले होते, हे तेल आत जाईना. वरच थबथबून राहिलं. चिकट, पिवळं. दाराआडून नीला म्हणाली, "आत्या, हा कसला वास? तुमच्या जमिनीला काय करताय?" मी म्हटलं, "गप्प बस आणि कडी लाव." माझा आवाज चढला. तिला वाटलं असेल मी तिच्यावर रागावले. मी कोणावर रागावले होते, ते मला नीट सांगता येत नाही. तुमच्यावर धरा.

आता मुंग्या यायला लागल्या आहेत. आणि मला एकच भीती आहे. केशवरावांची नाही. उभं आयुष्य तंबाखूच्या वखारीत गेलेल्या नाकाला हे तेल आणि ते तेल काय कळणार? भीती तुमची आहे. तुम्ही वाकाल. बोट लावाल. नाकाशी न्याल.

आणि मग?

सरू

ठळकवाडी
१५ जुलै १९३८

ती. अण्णा,

मागचं न टाकलेलं पत्र ह्या पाकिटात घालते आहे. ते आधी वाचा.

तुम्ही आलात त्या दिवसाबद्दल आपण दोघं कधी बोलणार नाही असं दिसतं, म्हणून लिहून टाकते. माझ्या बाजूनं तो कसा गेला ते तुम्हाला कळलं पाहिजे.

अकरा वर्षांनी तुम्हाला पाहिलं. केस पांढरे झाले आहेत. तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "जिना कुठे?" केशवराव मागे, नवं उपरणं, कानात अत्तराचा फाया. मी शेवटी. जिन्याची प्रत्येक पायरी वाजत होती आणि मी मनात म्हणत होते, नीला, श्वास घेऊ नकोस.

शेवटच्या पायरीवर तुम्ही थांबलात. वाकलात. बोट लावलंत, अंगठ्यावर चोळलंत आणि नाकाशी नेलंत. तुमची पाठ माझ्याकडे होती, पण मान मला दिसत होती. ती ताठ झाली. मी कठडा धरला. वाटलं, आता वळतील आणि त्या माणसासमोर म्हणतील, हे खायचं तेल आहे, हे आज-काल मुद्दाम ओतलंय, आत कोण आहे?

तुम्ही वळलात. माझ्याकडे पाहिलंत. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

"सरू, जवसच ना?"

"हो," मी म्हटलं.

केशवरावांना धीर नव्हता. "काय चिंतामणराव, फळी ती फळी. पाय पुसून जातो की पुढं. खोली बघून येतो, म्हंजे मनात किंतू नको." त्यांनी धोतर वर धरलं आणि एक पाय उचललासुद्धा.

आणि नेमका तेव्हाच त्या खोलीतून आवाज आला. बारीक, पण आला. खोटं कशाला बोलू, मला वाटलं सगळं संपलं. केशवराव म्हणाले, "आत कोण हाय?" उंदीर म्हणावं एवढंही सुचेना.

तुम्ही त्यांच्या छातीवर हात आडवा धरलात. "फळी आहे," तुम्ही म्हणालात. "नवी फळी बसताना करकरते. पाय टाकू नका, जवस अजून ओलं आहे. पाऊल उमटलं तर माझ्या लाकडाची शोभा जाईल."

"इतके दिस ओलं?"

"हवा दमट आहे. वर कोणी गेलं असतं तर जमिनीवर दिसलं असतं. केशवराव, लाकडाच्या बाबतीत मी कधी खोटं बोललोय?"

"छे छे! तुमचा शब्द म्हंजे काय," असं म्हणत त्यांनी पाय मागे घेतला.

तुम्ही खाली उतरलात, चपला घातल्यात, पाणीसुद्धा घेतलं नाहीत. तेलाचं बोट तुम्ही उपरण्याला पुसलंत आणि टांग्यात बसलात. मी दारात उभी होते. मला धावत येऊन तुमचे पाय धरावेसे वाटले. पण समोर ते दोघे बसले होते, आणि आपण दोघंही एकाच बापाची लेकरं, ताठ. मी दार लावून घेतलं.

मुहूर्त टळला. एकादशी झाली. दुकानाशी बसणारे गेले. मग नीलानं कडी काढली आणि त्या जमिनीवरून चालत माझ्याकडे आली. मुंग्या, धूळ, तेल, आणि त्यावर तिची पावलं. येताना पाय घसरला, तर हसली. कितीतरी दिवसांनी तिला हसताना पाहिलं. मी म्हटलं, चाल, हवी तेवढी चाल.

काल भावकू गाडी घेऊन आला. गाडीत नव्या फळ्या, पुन्हा सगळ्या दिवाणखान्याला पुरतील एवढ्या, वर जवसाचा डबा आणि तुमची चिठ्ठी. "मागचं लाकूड कच्चं निघालं. दोष माझा. बदलून देत आहे. चिंतामणी."

मी भावकूला विचारलं, "हे अण्णांनी तुझ्यासमोर लिहिलं?" तो म्हणाला, "व्हय आक्का. समद्यांस्नी तसंच सांगत्यात. वखारीत बी सांगितलं, चिंतामणीची फळी कच्ची गेली म्हणून. लोक हसलं, मालक गप बसलं. आन् निपाणीला शालू बी परत धाडला. मीच घेऊन गेलतो."

शालू परत गेला हे ऐकून मी देवापुढे दिवा लावला. ते एक तुम्ही असं केलंत की त्यासाठी मी तुमच्यावरचा अकरा वर्षांचा राग सोडायला तयार आहे. पण ह्या फळ्या मी घेणार नाही. तुमच्या तोंडून लाकडाबद्दल एकदा खोटं वदवून घेतलं, ते आपल्या पोरीसाठी. आता माझ्या जमिनीसाठी तुम्ही आपल्याच नावाला काळं फासणार, आणि ते मी बघत बसू? तुमच्या सागाला कच्चा म्हणणारा अजून जन्मला नाही, मग तो तुम्ही असलात तरी. चिठ्ठी चुलीत घातली. भावकूला बजावलं आहे, वखारीत सांग, बेळगावच्या मास्तरीणबाईंनी अक्कल गहाण टाकून जमिनीला खायचं तेल फासलं, लाकूड पक्कंच होतं. इथे शाळेतही मी तसंच सांगितलं. मुली तोंडावर हात ठेवून हसतात. हसू देत. मला हसलेलं चालतं, सवय आहे.

परशराम येऊन बघून गेला. आधी त्यानं कपाळावर हात मारला. मग एका कोपऱ्यात रंधा चालवून पाहिला, आणि म्हणाला, "वरचा पापुद्रा काढला की खाली तस्संच हाय आक्का. फळी लई गुणाची." तुमच्या लाकडानं ते तेल आत घेतलंच नव्हतं. उद्यापासून तो सगळी जमीन तासतो आहे. नव्या फळ्या त्याच गाडीतून परत पाठवते आहे. जवसाचा डबा मात्र ठेवून घेतला.

तासून झाल्यावर पहिले हात मी देईन. शेवटचा हात तुम्ही द्यायचा. मला गुडघ्यांवर सरकणं आता झेपत नाही, आणि तुमच्याशिवाय दुसऱ्या कोणाला तो देऊ देणार नाही. लहान खोलीच्या दारापासून सुरुवात करा. तुम्ही माझ्या घरी आलात तर मी तुमच्या उंबऱ्याची गोष्ट काढणार नाही, हे कबूल.

धारवाडला नीलाचं नाव घातलं आहे. ती पंधरवड्यानं जाते. त्याआधी या. ती रोज विचारते, बाबा रागावले आहेत का. मी काय सांगू? त्या दिवशी दाराआडून तिनं तुमचा आवाज ऐकला, आणि तोंडात पदर कोंबला तरी तिला तो हुंदका आवरला नाही. करकरली ती फळी नव्हती, अण्णा. तुम्ही तो आवाज ओळखलात. आता येऊन तिला तसं सांगा.

तुमची
सरू